बॅग कुठली घेऊ विचारलं की सगळे नुसते इंच सांगतात

डोकं फिरलंय राव. पिकअप एअर बॅगवर, म्हणजे स्प्रिंगऐवजी बसणाऱ्या हवेच्या रबरी पिशव्यांवर, खाली करायचीय, हवा सोडली की चेसिस जमिनीला टेकली पाहिजे इतकी, आणि बॅग निवडायला बसलो तर ज्याला विचारावं तो एकच सांगतो, सात इंची घे, चारही कोपऱ्यांना तीच टाक, विषय संपला. अरे संपला कसा? पुढच्या एक्सलवर वजन किती, मागे किती, बॅग चाक धरणाऱ्या आर्मवर बसणार की थेट एक्सलवर, चालवताना हाइट किती ठेवणार, यातलं एक जण काहीही विचारत नाही!

बॅग म्हणजे शेवटी स्प्रिंगच आहे ना. आतलं प्रेशर गुणिले इफेक्टिव्ह क्षेत्रफळ (म्हणजे प्रत्यक्ष वजन पेलणारं), तेवढंच वजन ती उचलणार. पुढची बॅग लोअर आर्मच्या साधारण मधोमध बसते, म्हणजे चाकावर ११०० पौंड असतील तर बॅगवर जवळजवळ २२०० येतात, त्या हाइटला क्षेत्रफळ २५ चौरस इंच धरा, ८८ पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) लागतील, ठीक आहे. आता तीच बॅग मागे रिकाम्या हौद्याखाली सरळ एक्सलवर ठेवा, कोपऱ्यावर ६५० पौंड, झाले २६ पीएसआय. आणि यावर मला सांगतात की कमी प्रेशर म्हणजे मऊ राइड. साफ चूक! हवेचा स्प्रिंग बाहेरच्या हवेच्या १४.७ पीएसआयसकट मोजावा लागतो, त्यामुळे तेवढंच वजन आणि तेवढीच उंची असेल तर जास्त क्षेत्रफळाची बॅग कडक पडते, मागचा भाग प्रत्येक खड्ड्याला उड्या मारत जातो, आणि मग हेच लोक म्हणतात बॅगवरची गाडी अशीच चालते. नाही चालत अशी, तुम्ही चुकीची बॅग बसवता म्हणून चालते.

बेलोज (फुगीर वळ्यांची बॅग) की स्लीव्ह (सरळ नळीसारखी) हे तर कोणी समजावूनच सांगत नाही. बेलोज आखूड स्ट्रोकमध्ये, म्हणजे थोड्याच वरखाली हालचालीत, भरपूर वजन उचलते आणि आर्म फिरताना थोडी तिरकी झाली तरी सहन करते, म्हणून पुढे तीच जास्त दिसते. स्लीव्हला स्ट्रोक लांब मिळतो, मागे फोर लिंक (एक्सल धरणारे चार दांडे) असेल आणि मोजमाप नीट घेतलं असेल तर ती छान चालते. पण सरळ रेषेत बसायला हवी, वाकडी बसली की रबर घासून गेलंच.

सगळ्यात जास्त संताप हेल्पर बॅगचा. मी स्पष्ट सांगितलं होतं की गाडी खाली करायचीय, तरी एका विक्रेत्याने लीफ स्प्रिंगच्या (पाट्यांच्या) जोडीला बसणारं किट पुढे केलं. ते मागे ओझं भरल्यावर गाडी दबू नये म्हणून असतं हो, लीफ जागेवर असताना त्यातली सगळी हवा सोडली तरी गाडी खाली कशाने जाणार? माल खपवायचा म्हणून समोरच्याला काहीही गळ्यात मारायचं का?

शॉकबद्दल तर अवाक्षर नाही. बॅग डॅम्पिंग करत नाही, म्हणजे उसळी शमवत नाही, शॉक लागतातच. बम्प स्टॉप (आधाराचे रबरी ठोकळे) लागतात, नाहीतर टेकवताना सगळं वजन चेपलेल्या बॅगवर येतं. एक्सलला वर यायला चेसिसमध्ये सी नॉच (सी आकाराची खाच) कापावा लागतो, आणि बॅग पूर्ण फुगल्यावर तिच्या चारही बाजूंना जागा मोकळी राहायला हवी, ब्रॅकेटची एक कड लागली तरी ती फाटणार, तीसुद्धा रस्त्यात आणि स्पीडमध्ये असताना. हे सोडून चर्चा कशावर, तर किती सेकंदात वर येते, व्हॉल्व्ह तीन अष्टमांश की अर्धा इंच, कंप्रेसर एक की दोन! ते बघू की नंतर, आधी स्प्रिंग तर ठरू दे.

मला फक्त त्या बॅगचा लोड चार्ट द्या, कुठल्या हाइटला किती प्रेशरवर किती वजन. कंपन्या तो छापतात, विकणाऱ्याकडे असायलाच पाहिजे. मागितला की माणूस असा बघतो जणू मी त्याचा अपमान केला, आणि परत तेच, सगळे हीच घेतात. सगळ्यांच्या गाड्यांचं वजन सारखं आहे का? चार्ट हातात आल्याशिवाय मी एकही बॅग घेणार नाही, गाडी राहू दे स्टँडवर उभी.