जादा वेळ, लेखनिक आणि ‘कुबड्या’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

तुम्ही तुमची प्रतिक्रिया तळमळीने लिहिली आहे, त्यामुळे दोन ओळींत उत्तर देऊन मोकळं होणं मला जमणार नाही. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. अध्ययन अक्षमता (बुद्धी असूनही वाचन, लेखन किंवा गणित जड जाणं) आणि एडीएचडी (लक्ष न टिकणं, स्वतःला आवरता न येणं) असलेल्यांनी रोजच्या जगण्याची घडी कशी बसवावी यावर मी लिहिलं होतं. सरांचे आक्षेप असे: परीक्षेत लेखनिक (उत्तरं लिहून देणारा), जादा वेळ, कॅल्क्युलेटर या कुबड्या आहेत, त्यांनी मुलांची जिद्द मरते. मराठी बोलतो तशीच लिहितो, तेव्हा डिस्लेक्सिया, म्हणजे वाचन-लेखनातली अक्षमता, हा इंग्रजी माध्यमाचा प्रश्न आहे. आणि हल्ली लक्ष कुणाचंच लागत नाही, म्हणून गोळ्या देऊन मुलांना गुंगीत ठेवण्यापेक्षा मोबाइल काढून घ्यावा. दहावी आली की पालक सवलतीच्या दाखल्यामागे धावतात, हेही सरांना खटकतं. शेवटी त्यांनी विचारलं आहे, “बँकेच्या काउंटरवर कोण देणार आहे तासाला वीस मिनिटं जादा?”

आधी मराठीचं बोलू, कारण हा गैरसमज शिक्षकांमध्येही खोलवर आहे. मराठीत अक्षराचा उच्चार ठरलेला असतो हे खरं, आणि त्याचा फायदा मुलांना होतोही. पण ‘कविता’ हा शब्द अडखळत वाचणाऱ्या मुलाच्या शेजारी बसून बघा. डोळ्यांना वेलांटी आधी दिसते, तोंडातून मात्र ‘व’ आधी यावा लागतो. ‘सूर्य’मधला रफार ‘य’च्या डोक्यावर बसतो, उच्चार मात्र ‘य’च्या आधी. मात्रा वर, उकार खाली, काना उजवीकडे, आणि जोडाक्षरात अक्षराचं रूपच पालटतं. त्यात घ-ध, भ-म, ब-व, प-ष या जोड्या. ज्याच्या मेंदूला चिन्ह आणि ध्वनी यांची सांगड घालायला मुळातच जास्त कष्ट पडतात, त्याला ही लिपी सोपी नाही. फक्त त्याच्या चुका इंग्रजीतल्या चुकांपेक्षा वेगळ्या दिसतात, आणि वेगळ्या दिसतात म्हणून आपण त्यांना ‘शुद्धलेखन कच्चं’ म्हणून सोडून देतो.

आकड्यांचंही तसंच. देवनागरीतले ३ आणि ६ एकमेकांची आरशातली प्रतिमा आहेत. ‘त्रेसष्ट’ म्हणताना तीन आधी येतो, लिहिताना सहा आधी. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात नेहमीच्या नावांच्या जोडीला ‘साठ तीन’ अशा धर्तीचं संख्यावाचन दिलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला. भाषा बुडाली इथपर्यंत बोललं गेलं. त्या वेळी मला फार वाईट वाटलं होतं, कारण मोठेपणी मी नेमकं तेच करून तगले आहे.

मी बांधकामाची इस्टिमेटं करते. मोजमाप वहीवरून कॉम्प्युटरवर चढवताना २६३ चे २३६ माझ्या हातून सहज होतात, आणि कितीही डोळे फाडून बघितलं तरी मला ती चूक दिसत नाही. म्हणून मी प्रत्येक आकडा मोठ्याने वाचते: दोन, सहा, तीन. मग शेजारच्या टेबलावरचा सहकारी कॉम्प्युटरवरून तो मला उलट वाचून दाखवतो आणि मी वहीत टिक करत जाते. टिक झाल्याशिवाय पुढची ओळ नाही. पूर्वी माझी सगळी ताकद आकडा नीट उतरवण्यातच संपायची. स्लॅबला स्टील जास्त का लागतंय, दर कुठे कमी करता येईल, हा खरा विचार करायला डोकं शिल्लकच राहायचं नाही. आता राहतं. यात जिद्द कुठे कमी झाली, सर?

आणि बँकेच्या काउंटरवर काय असतं ते आठवून बघा. नोटा मोजायला यंत्र असतं, बेरीज कॉम्प्युटर करतो, आणि एकाने केलेली मोठी नोंद दुसरा तपासून मंजूर करतो. मदतीला काहीही न घेता, एकट्याने, घड्याळ लावून सगळं करून दाखवायचं, अशी जागा मला तरी परीक्षेचा हॉल हीच दिसते. तेव्हा जादा वेळ दिल्याने मूल जगाला तोंड द्यायला नालायक ठरतं, हे मला पटत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अध्ययन अक्षमतेला मान्यता दिली, आणि जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट हे त्याच कायद्यात लिहिलेलं आहे. महाराष्ट्रात तर अशा सवलती १९९६ पासून आहेत. २०२१ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने यूपीएससीच्या एका उमेदवाराचा लेखनिकाचा हक्क मान्य केला. त्याला लिहितानाच हाताला त्रास व्हायचा. एवढ्या वरच्या परीक्षेला बसणाऱ्या माणसात जिद्द नव्हती असं कोण म्हणेल?

एका बाबतीत तुमचं बोलणं मला शंभर टक्के मान्य आहे. नववीपर्यंत काही करायचं नाही आणि दहावीच्या तोंडावर अध्ययन अक्षमतेच्या दाखल्यासाठी सरकारी रुग्णालयात धावपळ करायची, हे फार दिसतं. दाखल्याने परीक्षा पार पडते, वाचता येत नाही. त्यासाठी दुसरी-तिसरीपासून रेमेडियल शिकवणं लागतं. एकेक ध्वनी, एकेक अक्षर, रोज थोडं, वर्षानुवर्षं. तालुक्याच्या ठिकाणी असं शिकवणारं माणूस मिळत नाही, आणि त्यावर आरडाओरडा व्हायला हवा.

आता लक्षाचं. मोबाइलने सगळ्यांचंच लक्ष विस्कटलं आहे, हे खरं. पण लंडनच्या जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञांनी कशावरच लक्ष न टिकणाऱ्या, स्वतःला आवर घालू न शकणाऱ्या मुलांचं वर्णन १९०२ साली केलं होतं. निदान करताना डॉक्टर बघतात की त्रास बाराव्या वर्षाच्या आधीपासून आहे का, आणि शाळा, घर, बाहेर यांपैकी निदान दोन ठिकाणी आहे का. मिथाइलफेनिडेट या नेहमीच्या औषधाने गुंगी येत नाही, ते उत्तेजक गटातलं आहे. भूक मंदावते, झोप उडते, म्हणून ते तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच घ्यायचं. त्याने लक्ष टिकायला मदत होते. वेलांटी मात्र कुठलीही गोळी शिकवत नाही.

बरेचदा हे मोठेपणीही सुटत नाही, म्हणून मी ‘बरं होणं’ असं न लिहिता ‘घडी बसवणं’ असं लिहिलं. मला वेळ सरताना जाणवत नाही. निघायच्या आधी अर्धा तास गजर, मग दहा मिनिटं आधी दुसरा. लाइटबिल आलं की उभ्याउभ्या भरायचं, ‘नंतर’ हा शब्द माझ्या घरात चालत नाही. या सवयी लागायला माझी कित्येक वर्षं गेली, कारण त्याआधीची सगळी वर्षं मी स्वतःला आळशी समजत होते. शाळेत तेच ऐकलं होतं.

१८९६ मध्ये प्रिंगल मॉर्गन या इंग्रज डॉक्टरांनी एका चौदा वर्षांच्या मुलाबद्दल लिहिलं. पोरगा हुशार, पण स्वतःचं नावसुद्धा चुकीचं लिहायचा. शिक्षण सगळं तोंडी असतं तर हा शाळेत सगळ्यांच्या पुढे असता, हे त्याच्या शिक्षकाने ओळखलं होतं. तुम्ही लिहिलं आहे की निवृत्तीनंतरही संध्याकाळी काही मुलं तुमच्याकडे शिकायला येतात, आणि त्यातला एक ‘डोकं असून वही कोरी ठेवतो’. सर, आठवडाभर त्याला इतिहासाची उत्तरं तोंडी विचारून बघा. प्रश्नही तुम्हीच वाचून दाखवा. तो काय बोलतो ते इथे जरूर लिहा, मी वाट बघते आहे.