घरफाळ्याची पावती आणि आत्तीचा वाडा

रविवारी कोल्हापुरात शुक्रवार पेठेत आत्तीकडं गेलो होतो. वाड्याच्या मागच्या भिंतीला पोट आलंय. २०१९ च्या पुरात पाणी सोप्याच्या, म्हणजे ओसरीच्या, पायरीला लागलं, २०२१ ला परत तेच, मग कुणीतरी सांगितलं म्हणून खालच्या चार फुटांना सिमेंटचा गिलावा मारून घेतला आणि तिथंच चुकलं. मातीची आणि चुन्याची भिंत ओल घेते तशी सोडते पण, तिला सिमेंटनं बंद केलं की ओल आतल्या आत वर चढते, आता ती माडीच्या तुळईपर्यंत पोचलीय. सागवानी तुळई आहे, पणजोबांच्या काळातली. बोट लावलं तर भुसा पडला हो हातात.

आत्ती म्हणली, "पाडून टाका म्हणतात सगळी. तुला काय वाटतं रं?"

मला लगेच उत्तर देता आलं नाही. पाडू नका म्हणायला आपलं काय जातंय, राहायचं तिला आहे तिथं, पावसाळ्यात रात्री पत्र्याचा आवाज झाला तरी उठून बसते ती.

एका ऑफिसात चौकशी केली. दारावर धोकादायक इमारतीची नोटीस लावायला माणूस आहे, पण ही भिंत कशी वाचवायची, चुन्याचं काम कोण करतं, पैशाला काही मदत मिळते का, हे सांगायला त्या दिवशी एकही टेबल सापडलं नाही. माझं सगळं म्हणणं या एका टेबलाभोवतीच आहे.

आपण हेरिटेज म्हणलं की न्यू पॅलेस, टाऊन हॉल, सीपीआर दवाखाना एवढंच बघतो. मेजर मँट या इंग्रज वास्तुकारानं आखलेल्या त्या इमारती भारीच आहेत, वादच नाही, आणि त्यांच्याकडं लक्ष असणारी माणसं पण आहेत. पण गाव म्हणजे तेवढंच नव्हे. गंगावेशीतनं आत शिरा, तालमीचा कट्टा, दिंडी दरवाजा, माडीचे लाकडी कठडे, बारक्या बोळातलं एखादं देऊळ, हे एकेक करून जातंय आणि जाताना आवाज पण होत नाही. ८ ऑगस्ट २०२४ ला केशवराव भोसले नाट्यगृह जळलं त्या रात्री अख्खं कोल्हापूर रडलं. शाहू महाराजांनी उभं केलेलं, १९१५ सालचं पॅलेस थिएटर ते, आणि दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. मी पण खासबागेच्या बाजूला उभा होतो, अजून तो धूर आठवला की पोटात कालवतं. तिथं निधी आला, पुन्हा उभारणी सुरू झाली, चांगलं झालं, व्हायलाच पाहिजे होतं. वाडा मात्र जेसीबीनं दोन दिवसांत जातो आणि त्याच्यासाठी गल्लीसुद्धा जमत नाही.

अहमदाबादनं काय केलं बघा. तिथल्या महापालिकेनं १९९६ ला हेरिटेज सेल काढला, पुढच्या वर्षी हेरिटेज वॉक सुरू केला, पोळांमधल्या, म्हणजे तिथल्या जुन्या गल्ल्यांमधल्या, साध्या माणसांची घरं त्यात धरली, आणि २०१७ ला युनेस्कोच्या यादीत शहर गेलं. एकवीस वर्षं लागली म्हणजे. मुंबईत १९९५ पासून हेरिटेजची नियमावली आहे, त्यात दुरुस्तीसाठी वेगळा निधी उभारता येईल असंही लिहिलंय. आपल्या राज्यात हेरिटेज इमारतीचा न वापरलेला एफएसआय, म्हणजे त्या जागेवर अजून जेवढं बांधता आलं असतं तो हक्क, दुसरीकडच्या बांधकामासाठी टीडीआर म्हणून विकायची सोय पण आहे. पण कागदावरची सोय आत्तीपर्यंत पोचवायला कुणीतरी तिच्या सोप्यात येऊन बसायला लागतं, कारण प्रॉपर्टी कार्डावर सात वारसांची नावं आहेत आणि त्यातले तिघं पुण्यात.

मला सगळ्यात पटलेली गोष्ट अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियाची. १९७२ पासून तिथं मिल्स ॲक्ट नावाचा कायदा आहे. शहर आणि घरमालक यांच्यात किमान १० वर्षांचा करार होतो, मालकानं जुनं घर नीट राखायचं, शहरानं तपासणी करायची, आणि बदल्यात घराचा टॅक्स कमी होतो. घर विकलं तरी करार नव्या मालकाकडं जातो. म्हणजे आपल्या भाषेत घरफाळ्यात सूट, पण फुकट नव्हे, काम दाखवा आणि सूट घ्या. हे कोल्हापुरात का होऊ नये?

काही मित्र म्हणतात दुसऱ्याच्या वाड्याला गावानं पैसा का द्यायचा. रास्त प्रश्न आहे. पण जुना वाडा पाडायचा नाही असं गावानं मालकाला सांगायचं आणि भार एकट्या मालकानं उचलायचा, हे मला अन्यायाचं वाटतं. हेरिटेजच्या यादीत नाव आलं की माणूस घाबरतो, आणि नाव यायच्या आधीच रातोरात कौलं उतरवतो. मदत आधी आणि बंधन नंतर आलं असतं तर यातली बरीच घरं आज उभी असती असं मला मनापासून वाटतं.

आणि गवंडी! नुसता पैसा असून काय उपयोग, चुना भिजवून मुरवायचा कसा, त्यात विटांचा चुरा किती, गूळ आणि हिरडा कधी घालायचा हे हातात असलेली माणसं म्हातारी झाली. शहरानं त्यांच्या हाताखाली पंधरावीस पोरं ठेवली, त्यांना रोजगार दिला, तर त्या एका खर्चात पेठांतल्या किती भिंती सावरतील.

आत्तीला मी शेवटी एवढंच सांगितलं, पाऊस संपेपर्यंत थांब, तोवर टेकू लावतो. टेकू काल लावला. खालचं सिमेंट सगळं काढायचंय, भिंत वाळू द्यायचीय, मग चुन्याचा गिलावा. कोल्हापूर, कागल, गडहिंग्लज, कुठंही चुन्याचं काम केलेला गवंडी माहीत असेल तर कृपा करून मला मेसेज करा. वय किती का असेना, त्यांना आणायला-सोडायला मी स्वतः गाडी घेऊन येतो.