सालांचा क्रम बघा

नमस्कार. माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. आक्षेप असा की, यादवी युद्धानंतर अमेरिकेत उत्तरेनं हरलेल्या दक्षिणेवर लष्कर बसवलं, काळ्यांचे हक्क घाईनं लादले आणि त्यातून सूड पेटला. दमानं घेतलं असतं तर समेट झाला असता. शिवाय ज्या अमेरिकन जनतेला जोतीरावांनी 'गुलामगिरी' अर्पण केली, तिच्या पुनर्रचनेला, म्हणजे युद्धानंतर दक्षिणेची घडी नव्यानं बसवण्याच्या प्रयत्नाला, मी अपयशी म्हटलं, हेही तुम्हाला खटकलं.

पहिला मुद्दा मला मान्य नाही. दमानं घेऊन झालंच होतं. १८६५ मध्ये अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांनी बंडखोरांना सढळ हातानं माफी दिली. मुक्त झालेली कुटुंबं ज्या जमिनी कसू लागली होती, त्या जुन्या मळेवाल्यांना परत केल्या. त्याच नोव्हेंबरात मिसिसिपी या दक्षिणेतल्या राज्यानं कायदा केला: काळ्या माणसानं दर जानेवारीत कामधंद्याचा लेखी पुरावा जवळ बाळगायचा. काम नसेल तर तो भटका, त्याला दंड. दंड भरता आला नाही, तर जो भरेल त्याच्याकडे राबायचं. गुलामीच ही, फक्त नाव बदललेली. पुढच्या मे महिन्यात मेंफिसमध्ये ४६ काळी माणसं मारली गेली. दक्षिणेचे पाच लष्करी जिल्हे केले ते यानंतर, मार्च १८६७ मध्ये.

आणि सरकारनं जिथं खरोखर हात आवळला, तिथं फरक पडला. १८७१ मध्ये अध्यक्ष ग्रँट यांनी दक्षिण कॅरोलिनाच्या नऊ काउंट्यांत हेबियस कॉर्पस, म्हणजे अटकेला न्यायालयात आव्हान देण्याचा हक्क, स्थगित करून क्लानच्या, म्हणजे काळ्यांवर दहशत बसवणाऱ्या गोऱ्यांच्या गुप्त संघटनेच्या, शेकडो लोकांना पकडलं, तेव्हा तिथली क्लान मोडली.

जोतीरावांबद्दल. त्यांनी आदर व्यक्त केला तो गुलामांच्या मुक्तीसाठी झिजलेल्यांबद्दल, आणि त्या आदरात मीही आहे. पण त्यांचं पुस्तक आलं त्याच १८७३ सालच्या ईस्टरला, १३ एप्रिलला, लुइझियानात कोलफॅक्सच्या कचेरीत आपलं निवडून आलेलं सरकार राखायला जमलेल्या काळ्यांची कत्तल झाली. शरण आलेल्यांनाही गोळ्या घातल्या. मृतांचा आकडा कुणी ६२ सांगतं, कुणी १५०. तिघांना शिक्षा झाली, तीही १८७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं रद्द केली: कायद्याचं समान संरक्षण देणारी चौदावी घटनादुरुस्ती राज्यांना बांधते, खाजगी माणसांना नाही! मग मारेकऱ्यांना कुणी धरायचं? स्थानिक शेरीफनं? निकालातली ही ओळ वाचताना अजूनही माझ्या पोटात कालवतं.

१८७७ मध्ये दक्षिणेतल्या काळ्यांना असलेलं केंद्राच्या सैन्याचं संरक्षण काढून घेतलं. लुइझियानात १८९६ ला १,३०,३३४ काळे मतदार नोंदलेले होते. त्या राज्याची नवी राज्यघटना आली आणि १९०४ ला उरले १,३४२. वंशावरून मताधिकार नाकारायला मनाई करणारी पंधरावी दुरुस्ती या सगळ्या काळात जशीच्या तशी लागू होती. मी अपयश म्हणतो ते या माघारीला.

एका बाबतीत तुमचं बरोबर आहे. पुनर्रचनेच्या काळातल्या लुइझियानाच्या रिपब्लिकन (काळ्यांच्या हक्कांच्या बाजूच्या पक्षाच्या) सरकारांतली लाचखोरी मी लेखात टाळायला नको होती. त्यावर एक परिच्छेद आजच घालतो. त्याच काळात दक्षिणेत सरकारी शाळांची व्यवस्था उभी राहिली, हेही त्यात येईल.