खुलासा: मेणबत्ती विझली नाही म्हणजे टाकी सुरक्षित, हे चूक

रबाळे-महापे एमआयडीसीतल्या ग्रुपांवर मेसेज फिरतोय: सांडपाण्याच्या टाकीत पेटती मेणबत्ती सोडा, विझली नाही तर माणूस उतरवायला हरकत नाही. कृपया असं करू नका. हायड्रोजन सल्फाइड (सडक्या अंड्यासारख्या वासाचा विषारी वायू) जीव घेण्याइतका असला तरी ज्योत तेवत राहते, आणि मिथेन साचला असेल तर तीच ज्योत भडका उडवते. वासावरही विसंबू नका. साधारण १०० पीपीएमला (हवेच्या दहा लाख भागांत वायूचे १०० भाग) नाकच बधिर होतं. तळाचा गाळ ढवळला की वायू नव्याने सुटतो, म्हणून वायू मोजायच्या मीटरने वर, मध्ये, तळाशी मोजायचं आणि काम संपेपर्यंत मोजत राहायचं. टाकीत घातक वायू नाही असा सक्षम व्यक्तीचा लेखी दाखला घ्या; २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम १९४८ चं कलम ३६ तो मागत होतं. दाखला नसेल तर उतरणाऱ्याला श्वसनयंत्र, पट्टा आणि त्या पट्ट्याला बांधलेला, बाहेरच्याने धरलेला दोर हवाच. तो मेसेज पुढे पाठवू नका. जिथे आला त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.