जूरी नाही म्हणून कादंबरी नाही?

माझा आतेभाऊ सांगली जिल्ह्यातल्या एका तालुका कोर्टात वकिली करतो. वकिलांवर थरारकथा लिहिणारा अमेरिकी लेखक जॉन ग्रिशॅम, त्याच्या मराठीत आलेल्या बहुतेक कादंबऱ्या त्याने वाचल्या आहेत. दिवाळीत अमेरिकेतून फोनवर मी त्याला विचारलं, वकील नायक असलेली अशी उत्कंठेची कादंबरी आपल्याकडे कुणी का लिहीत नाही? तो म्हणाला, "अरे, तुमच्याकडे जूरी असते, आठवड्याभरात निकाल लागतो. आमच्याकडे तारीख पडते. तारखेत कसला आलाय थरार?"

हेच उत्तर मी पुण्या-मुंबईच्या वाचणाऱ्या मित्रांकडूनही ऐकतो. पत्नीच्या प्रियकराला गोळ्या घालणाऱ्या नौदल अधिकारी नानावटीच्या खटल्याचा दाखला हमखास येतो. 1959 मध्ये जूरीने, म्हणजे कौल देणाऱ्या सामान्य नागरिकांच्या मंडळाने, आठ विरुद्ध एक असा निर्दोषत्वाचा कौल दिला, हायकोर्टाने तो फिरवून जन्मठेप दिली, पुढे 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत जूरी उरलीच नाही. जूरी गेली, नाट्य गेलं, असा सगळ्यांचा हिशेब.

मला तो मुळीच पटत नाही. न्यू जर्सीत राहून मला वीस वर्षं झाली. नागरिकत्व घेतल्यावर जूरीचं बोलावणं आलं आणि मी मोठ्या उत्सुकतेने गेलो. जूरी निवडताना न्यायाधीश एकेकाला विचारत होते: केवळ पोलीस आहे म्हणून एखाद्याच्या साक्षीला तुम्ही जास्त किंवा कमी वजन द्याल का? माझ्या शेजारच्या बाई बराच वेळ गप्प राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "कमी देईन बहुतेक." दोन्ही बाजूंच्या वकिलांनी एकाच क्षणी मान वर केली. इथली वकील-कादंबरी कशावर उभी आहे, ते मला त्या क्षणी दिसलं. बारा अनोळखी माणसांच्या मनात काय चाललंय, ते वकिलाला ओळखावं लागतं. अशाच कादंबऱ्या लिहिणारा स्कॉट ट्युरो शिकागोत सरकारी वकील होता, ग्रिशॅम मिसिसिपीत वकिली करत होता. दोघांनी हे रोज पाहिलेलं होतं.

पण तो खटला चाललाच नाही. दुपारनंतर आरोपीने गुन्हा कबूल केला आणि आम्हाला घरी पाठवलं. यात नवल काहीच नाही. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने 2012 मध्ये एका निकालात नोंदवलं आहे की संघीय न्यायालयांतल्या 97 टक्के आणि राज्यांतल्या 94 टक्के शिक्षा गुन्ह्याच्या कबुलीतून होतात. म्हणजे इथल्या लेखकांनी जे घडतं त्यातला विरळा तुकडा उचलला आणि त्यावर अख्खा साहित्यप्रकार उभा केला. मग आपल्याकडे जूरी नाही ही सबब कशी चालेल?

आपल्या कोर्टातला ताण वेगळ्या जागी आहे, आणि तो मला जास्त खोल वाटतो. मागच्या खेपेला आतेभावाच्या घरी मी एका साक्षीची नक्कल वाचली. उलटतपासणीत वकिलाचे प्रश्न बहुधा लिहिलेच जात नाहीत. साक्षीदार आपल्या बोलीत उत्तर देतो, न्यायाधीश ते टंकलेखकाला सांगतात आणि कागदावर उमटतं: "हे म्हणणे खरे नाही की, मी घटनेच्या वेळी तेथे हजर नव्हतो." पानामागून पान अशीच वाक्यं. वकिलाचा एक डोळा साक्षीदारावर आणि दुसरा टंकलेखकाच्या बोटांवर. एक शब्द निसटला तर अपिलात तो बोललाच गेला नव्हता. मधल्या काळात न्यायाधीशांची बदली झाली, तर निकाल देणाऱ्याने साक्षीदाराचा चेहराही पाहिलेला नसतो. त्याच्यापुढे असतो फक्त हा कागद. एवढा तंग दोर हातात असताना आपल्या लेखकाला आणखी काय हवं?

जामीन घ्या. आपल्या तुरुंगांतल्या चार कैद्यांपैकी जवळपास तीन कच्चे कैदी, म्हणजे खटल्याचा निकाल लागायच्या आधीच आत असलेले. जामीन मंजूर होऊनही जामीनदार मिळत नाही म्हणून माणूस आतच राहतो, आणि त्याचा वकील कुणाचा तरी सातबारा मिळवायला गावोगाव फिरतो. पंच फितूर होतो तेव्हा त्याच्या घरी आदल्या रात्री कोण येऊन गेलं? या प्रश्नाला जूरी लागत नाही.

रंगभूमीने हे केव्हाच ओळखलं. अत्र्यांचं 'तो मी नव्हेच' 1962 चं, तेंडुलकरांचं 'शांतता! कोर्ट चालू आहे' 1967 चं. मात्र पहिल्यात लक्षात राहतो तो आरोपी लखोबा, दुसऱ्यात कोर्टच खेळातलं. वकिलीवर पोट असलेला, अशिलाचं खरं-खोटं आतल्या आत गिळणारा माणूस मराठी वाचकाला अजून नीट भेटायचा आहे. शब्दांचीही ददात नाही: मुद्देमाल, वकीलपत्र, सरतपासणी, पुकारा, रोजनामा. खालच्या कोर्टात हे रोज बोललं जातं. अमेरिकी वातावरणातून उसनं काहीच आणावं लागत नाही.

त्या नकलेत एका ओळीवर आतेभावाने पेन्सिलीने बारीक खूण केली होती. मी विचारलं तेव्हा म्हणाला, "इथं तो 'खरं नाही' म्हणायच्या आधी बराच वेळ खिडकीबाहेर बघत होता. बाहेर त्याचा भाऊ उभा होता." कागदावर ना ती खिडकी आहे, ना तो भाऊ. ते त्याने लिहावं, असं मी त्याला दर रविवारी फोनवर सांगतो.