सह्याद्री झोपलेला नाही, झिजलेला आहे

पावसाळा लागला आणि ट्रेकिंगच्या ग्रुपांवर तो मजकूर पुन्हा फिरू लागला. त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं : सह्याद्री ही झोपलेल्या ज्वालामुखींची रांग आहे. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा हे एका ज्वालामुखीचं फुटलेलं तोंड आणि लोणार हे दुसरं. कोकणातली उन्हाळी, म्हणजे गरम पाण्याचे झरे, ही आतल्या आगीची खूण. कोयनेचे भूकंप म्हणजे जाग येण्याची सुरुवात. आणि शेवटी 'मुलांना दाखवा, सगळ्यांना पाठवा' वगैरे.

यातली एक गोष्ट खरी आहे. आपल्या पायाखालचा काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट, थिजलेला लाव्हा आहे. तो सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी बाहेर पडला. पण 'ज्वालामुखी' म्हटलं की डोळ्यांसमोर शंकूसारखा डोंगर आणि टोकाला धूर येतो, आणि घोटाळा तिथेच होतो. दख्खनचा लाव्हा बहुतांशी जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून आला. तो पातळ होता, पाण्यासारखा पसरत गेला, थिजला. मग काही काळ शांतता, आणि त्यावर पुढचा थर. आजही सुमारे 5 लाख चौरस किलोमीटर प्रदेश या थरांनी झाकलेला आहे. काही प्रवाह तर पार आंध्रातल्या राजमहेंद्रीपर्यंत पोचले. ज्या भेगांतून लाव्हा वर आला त्यांतल्या कित्येक आतच थिजलेल्या लाव्ह्याने बुजल्या. धुळे-नंदुरबारकडे त्या भिंतीसारख्या लांबवर उभ्या दिसतात. मुंबईच्या आसपास शेवटच्या काळात काही स्फोटक उद्रेकही झाले, हे सांगायला हवं. पण त्यावरून अख्ख्या सह्याद्रीला ज्वालामुखींची रांग म्हणता येत नाही.

आता कोकणकडा. हा मुद्दा मला सगळ्यात जास्त खुपतो, कारण त्याचं उत्तर कड्यावरच लिहिलेलं आहे. ज्वालामुखीच्या तोंडाभोवती लाव्हा आणि राखेचे थर बाहेरच्या बाजूला उतरते असतात. कोकणकड्याला बाजूने पाहा, थर आडवे आहेत, वहीच्या पानांसारखे एकावर एक. कठीण थर उभा कडा धरतो, मऊ थर झिजून टप्पा होतो. गडांच्या माच्या आणि बालेकिल्ले याच पायऱ्यांवर वसलेत. दोन थरांच्या मध्ये अनेक ठिकाणी वीटकरी रंगाचा मातकट पट्टा दिसतो. घाटात रस्त्यासाठी फोडलेल्या दरडीत तो सहज सापडतो. बऱ्याच ठिकाणी तो जुन्या थराचा माथा उघड्यावर पडून कुजल्याचा पुरावा आहे, म्हणजे पुढचा लाव्हा येईपर्यंत मध्ये बराच काळ गेला होता. मग कड्याचा तो नागफणीसारखा आत वळलेला आकार? तो पाण्याने आणि कोसळत्या दरडींनी कोरला आहे.

खरं तर देशावरून निघालात तर सह्याद्री 'चढावा' लागतच नाही. नाणेघाटापर्यंत पठारावरून चालत जावं आणि अचानक जमीन संपावी, तसं होतं. सह्याद्री ही पठाराची पश्चिमेकडची तुटलेली कड आहे. भारताचा पश्चिम किनारा फाटून वेगळा झाला, तिथे कडा तयार झाला आणि कोकणातल्या नद्या त्याला कुरतडत मागे सरकवत राहिल्या. त्र्यंबकेश्वरला उगम पावणारी गोदावरी अरबी समुद्रापासून जेमतेम 80 किलोमीटरवर असूनही 1,465 किलोमीटर चालत बंगालच्या उपसागराला जाते, याचं कारण पठाराचा पूर्वेकडचा उतार.

लोणारचं विवर बेसाल्टमध्येच आहे, म्हणून गैरसमज समजण्यासारखा आहे. पूर्वी काही भूवैज्ञानिकही त्याला ज्वालामुखीच मानत. पण तळ्याखाली खोदल्यावर चुरडलेला, फुटलेला खडक मिळाला आणि त्यात मॅस्केलिनाइट सापडलं. बेसाल्टमधल्या खनिजावर प्रचंड वेगाचा आघात झाला की त्याचं असं काचेसारखं रूप होतं. एवढा दाब ज्वालामुखीत निर्माण होत नाही. 1973 मध्ये हे पुरावे प्रसिद्ध झाले. सुमारे 1.8 किलोमीटर रुंदीचा तो खळगा अवकाशातून आलेल्या दगडाने पाडला आहे.

वज्रेश्वरी, उन्हवरे, तुरळ इथलं गरम पाणी हे पावसाचंच पाणी. भेगांतून खोल जातं, तिथल्या नेहमीच्या उष्णतेने तापतं आणि वर येतं. त्यासाठी खाली लाव्हा असावा लागत नाही.

कोयनेचा विषय मात्र हलक्याने घेण्यासारखा नाही. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटेच्या भूकंपात सुमारे 180 माणसं गेली. त्या आठवणीवर भीतीचा मजकूर रचणं मला क्रूर वाटतं. शास्त्रज्ञांनी कोयना परिसरात तीन किलोमीटर खोल छिद्र घेतलं. बेसाल्ट दीड किलोमीटरच्या आतच संपला आणि त्याखाली लागला घट्ट, फार जुना ग्रॅनाइटी खडक. भूकंप होतात ते त्या खडकातल्या जुन्या भेगा सरकल्यामुळे. जलाशयातल्या पाण्याच्या चढउताराशी त्यांचा संबंध अनेक दशकांच्या नोंदींत दिसतो. तिथल्या माणसांना भूकंपात टिकणारी घरं हवीत, ज्वालामुखीची भाकितं नकोत.

आणि ती आग गेली कुठे? बहुतेक भूवैज्ञानिकांच्या मते ती जागच्या जागी राहिली, आपणच निघून आलो. भारताचा भूखंड त्या उष्ण जागेवरून उत्तरेकडे सरकत गेला. आज ती जागा मुंबईपासून साडेचार हजार किलोमीटरहून जास्त दूर, हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटाखाली आहे. तिथला पितों द ला फुर्नेझ हा ज्वालामुखी अजूनही वरचेवर फुटतो. भारताच्या हद्दीतला जागृत ज्वालामुखी पाहायचा असेल तर अंदमानात बॅरन बेट आहे. हरिश्चंद्रगडावर जाल तेव्हा कड्यातले आडवे थर मोजा, आणि तो मजकूर आला तर त्या थरांचा फोटो उत्तरात पाठवा.