सुईसकट पेन सुक्या कचऱ्यात? हात जोडते, नका!

परवा आत्याकडे गेले, तर सुक्या कचऱ्याच्या पिशवीत, धुतलेल्या दुधाच्या पिशव्यांखाली, इन्सुलिनची (मधुमेहाचं औषध टोचून घ्यायची) पाच रिकामी पेनं. दोन पेनांना सुया तशाच. "अगं, कंपनी त्याच्या खुर्च्या करते, ग्रुपवर आलंय," आत्या म्हणाली. मेसेज मलाही दोनदा आलाच होता. म्हणे पेनं शंभर टक्के रिसायकल होतात, सुई काढायची गरज नाही, सुक्या कचऱ्यात टाकली की कंपनीकडे पोचतात. वर सल्ला, एकच सुई आठवडाभर वापरा, पृथ्वी वाचेल.

खुर्च्यांचं खरं आहे, तेवढं देऊन टाकते. इन्सुलिन बनवणाऱ्या नोवो नॉर्डिस्क कंपनीने डेन्मार्कमध्ये परत आलेल्या पेनांच्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणि काचेचे दिवे करून दाखवलेत. ब्रिटनमध्ये 2021 मध्ये अशीच योजना सुरू झाली. पण तिथं रुग्णानं पेन औषधाच्या दुकानात नेऊन द्यायचं होतं, आणि तेही सुई काढून. आत्याच्या पिशवीतून डेन्मार्कला जायचा रस्ता मेसेजवाल्याला ठाऊक असेल तर त्यानं नकाशा पाठवावा.

सुईचं मात्र हसण्यावारी नेता येत नाही. दारावर कचरा न्यायला येणाऱ्या ताई ती पिशवी गाडीवर उपडी करून हातानं निवडतात. 4 मिलिमीटरची सुई त्या ढिगात दिसत नाही, टोचली की कळते. मग त्या बाईनं दवाखाना गाठायचा, रक्त तपासायचं आणि निकालाची वाट बघत बसायचं, सुई कुणाची हे माहीत नसताना. रक्तातून पसरणाऱ्या हेपटायटिस बीचा (यकृताच्या आजाराचा) विषाणू शरीराबाहेरसुद्धा सात दिवस तग धरतो. "पण मला कुठं काय रोग आहे?" आत्या. अगं, ते तिला कुणी सांगायचं? 2016 च्या घनकचरा नियमांतच वापरलेल्या सुया 'घरगुती घातक कचऱ्या'त मोजल्या होत्या, कीटकनाशकांच्या डब्यांच्या रांगेत. सुक्या कचऱ्यात नाहीत.

आठवडाभर एकच सुई? ती बोथट होते, जास्त दुखतं, कातडीखाली गाठी येतात आणि तिथं इन्सुलिन नीट शोषलं जात नाही. साखर वर-खाली झाली की पृथ्वी येत नाही डबा घेऊन. प्लॅस्टिक खरंच कमी करायचं असेल तर आतलं 3 मिलिलिटरचं कार्ट्रिज (इन्सुलिनची नळी) बदलून वर्षानुवर्षं वापरायची पेनं मिळतात. चालेल का ते डॉक्टरांना विचारा. मेसेजात त्याचा शब्द नाही.

आम्ही दोन्ही सुयांवर बाहेरचं मोठं टोपण चढवलं (आतलं छोटं घालायला जाऊ नका, बोट तिथंच टोचतं), फिरवून काढल्या आणि फिनेलच्या जाड बाटलीत टाकून झाकण घट्ट लावलं. वर लाल मार्करनं 'वापरलेल्या सुया' लिहिलं. ही बाटली ताईंच्या हातात वेगळी द्यायची, सांगून. आत्यानं ग्रुपवर बाटलीचा फोटो टाकलाय. खाली अजून फक्त एक अंगठा आलाय, तोही माझाच.